एका दुकानाची वही: वित्तीय लेखांकनाचा पाया पक्का कसा करावा

वाणिज्य किंवा व्यवस्थापन शाखेच्या विद्यार्थ्याला वित्तीय लेखांकन अवघड जाते, तेव्हा दोष बहुधा आकडेमोडीचा नसतो. या विषयात लागणारे गणित बेरीज, वजाबाकी आणि टक्केवारी यांच्या पलीकडे क्वचितच जाते. खरी अडचण अशी की विषय तुकड्यातुकड्यांनी समोर येतो: रोजकीर्द (व्यवहार तारखेनुसार लिहिण्याची वही) एका प्रकरणात, खतावणी (त्याच नोंदी खात्यांनुसार मांडणारी वही) दुसऱ्यात, घसारा तिसऱ्यात, आणि प्रत्येक प्रकरणात व्यापारी नवा, व्यवहार नवे. पहिल्या दिवशी बँकेत भरलेले भांडवल महिनाअखेरच्या ताळेबंदात कोणत्या वाटेने पोहोचते, हे विद्यार्थ्याने सलग असे कधी पाहिलेलेच नसते. म्हणून येथे सुचवलेली पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे. एक छोटा व्यवसाय निवडावा, त्याच्या एका महिन्याचे सगळे व्यवहार घ्यावेत आणि पहिल्या बिलापासून ताळेबंदापर्यंतचे सर्व लेखन स्वतःच्या हाताने, कागदावर, एकदा पूर्ण करावे.

नाशिकमध्ये हा विषय शिकणारे विद्यार्थी तीन वाटांनी येतात. काही जण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत बी.कॉम. किंवा बी.बी.ए. करत असतात, काही जण नोकरी सांभाळून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून शिकतात, आणि बरेच जण अभियांत्रिकीची पदवी घेऊन एम.बी.ए.ला येतात, ज्यांनी अकरावी-बारावीत पुस्तपालनाचे पुस्तक उघडलेले नसते. या तिसऱ्या गटाने प्रथम बालभारतीचे अकरावीचे पुस्तपालनाचे मराठी पाठ्यपुस्तक वाचावे, असा माझा आग्रह आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाची जाडजूड पुस्तके ज्या गोष्टी गृहीत धरून पुढे जातात, त्या तेथे सावकाश समजावलेल्या असतात, आणि ते वाचण्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

उदाहरणाचे दुकान

आपण नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांचे एक काल्पनिक दुकान सुरू करू. हा व्यवसाय मुद्दाम निवडला आहे. येथे माल वजनावर विकला जातो आणि धातूचा भाव बदलता असतो, त्यामुळे शिल्लक मालाच्या मूल्यांकनाचा प्रश्न खराखुरा उभा राहतो. मंगल कार्यालये आणि केटरर उधारीवर माल नेतात, म्हणून येणे-देणे शिकता येते. शिवाय गिऱ्हाईक जुनी भांडी मोडीत देऊन नवी घेते, आणि हा व्यवहार नीट नोंदवता आला की दुहेरी नोंद समजली असे मानायला हरकत नाही.

दुकानाचा एप्रिल महिना असा आहे. १ एप्रिलला मालक दुकानाच्या नावे बँकेत ५,००,००० रुपये भांडवल भरतो. त्याच दिवशी जागेच्या मालकाला ६०,००० रुपये अनामत आणि तीन महिन्यांचे आगाऊ भाडे ३६,००० रुपये दिले जाते. २ एप्रिलला रॅक, काउंटर असे फर्निचर ७२,००० रुपयांना येते. ३ एप्रिलला ठोक व्यापाऱ्याकडून ३,००,००० रुपयांची भांडी उधारीवर येतात. महिनाभरात १,३६,००० रुपयांची रोख विक्री आणि एका केटररला ८०,००० रुपयांची उधार विक्री होते. एक गिऱ्हाईक १०,००० रुपयांची नवी भांडी घेते. त्यापोटी ६,००० रुपयांची मोड देते आणि उरलेले ४,००० रोख देते. ठोक व्यापाऱ्याला २,००,००० रुपये चुकते केले जातात, केटररकडून ५०,००० रुपये येतात, किरकोळ खर्चाला ४,००० रुपये जातात आणि मालक घरखर्चासाठी १५,००० रुपये उचलतो. दुकानातल्या नोकराचा एप्रिलचा १०,००० रुपये पगार मात्र मे महिन्यात द्यायचा आहे. सोपेपणासाठी बँक आणि रोकड यांचे एकच खाते धरू आणि जीएसटी तूर्त बाजूला ठेवू.

समीकरण आधी, नियम नंतर

वही उघडण्यापूर्वी एक समीकरण मनात पक्के बसवावे: मालमत्ता म्हणजे देणी अधिक भांडवल. दुकानाकडे जे काही आहे ते कोणाच्या तरी पैशातून आले आहे, एक तर बाहेरच्यांच्या किंवा मालकाच्या, एवढाच त्याचा अर्थ. यात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की दुकान आणि दुकानाचा मालक हे हिशेबापुरते दोन वेगळे पक्ष आहेत. मालकाने भरलेले पाच लाख हे दुकानाच्या दृष्टीने मालकाला असलेले देणे आहे. अनेक विद्यार्थ्यांना भांडवल ताळेबंदाच्या देयता बाजूला का दाखवतात हे शेवटपर्यंत उमगत नाही, कारण ते मालकाच्या खुर्चीत बसून हिशेब वाचतात. वाचायचे असते ते दुकानाच्या खुर्चीतून.

आता प्रत्येक व्यवहार या समीकरणावर तपासून पाहावा. भांडवल आले तेव्हा बँक शिल्लक ५,००,००० रुपयांनी वाढली आणि भांडवलही तेवढेच वाढले. फर्निचर घेतले तेव्हा बँकेतले ७२,००० रुपये कमी झाले आणि त्या जागी तेवढ्याच रकमेची दुसरी मालमत्ता आली. एकूण बेरीज हलली नाही. उधारीवर भांडी आली तेव्हा माल वाढला आणि देणे वाढले. किरकोळ खर्च झाला तेव्हा रोकड घटली, आणि खर्च शेवटी नफ्यातून, म्हणजे मालकाच्या हिश्श्यातून जातो, म्हणून भांडवल घटले. अशा रीतीने सगळे व्यवहार एका कागदावर मांडून प्रत्येक ओळीनंतर दोन्ही बाजू समान राहतात का हे पाहिल्याखेरीज पुढच्या पायरीवर जाऊ नये. येथे घालवलेली संध्याकाळ पुढचे कित्येक दिवस वाचवते.

नावे आणि जमा

हे समीकरण पचले की नावे-जमेचे नियम पाठ करावे लागत नाहीत. मालमत्ता आणि खर्च वाढले की त्यांची खाती नावे (डेबिट) होतात. देणी, भांडवल आणि उत्पन्न वाढले की त्यांची खाती जमा (क्रेडिट) होतात. घट झाली की उलट. आपल्याकडे शाळेपासून शिकवले जाणारे तीन सुवर्णनियम यापेक्षा वेगळे काही सांगत नाहीत. व्यक्तिगत खात्यात घेणाऱ्याच्या नावे आणि देणाऱ्याच्या जमा. वास्तविक, म्हणजे मालमत्तेच्या, खात्यात जे येते ते नावे आणि जे जाते ते जमा. नामधारी खात्यात खर्च व तोटे नावे आणि उत्पन्ने व लाभ जमा. परीक्षेत खात्यांचे प्रकार विचारले जातात, म्हणून दोन्ही पद्धती माहीत असाव्यात. तथापि गुंतागुंतीच्या व्यवहारात अडखळल्यास समीकरणाकडे परतावे, कारण अदत्त (अजून न दिलेला) पगार किंवा आगाऊ भाडे यांसारख्या खात्यांपाशी तीन नियमांचे वर्गीकरण विद्यार्थ्याला बराच वेळ घोटाळत ठेवते.

बँकेचा संदेश हा या टप्प्यावरचा सर्वांत मोठा अडथळा आहे. आपण पैसे भरतो तेव्हा बँक कळवते की खात्यात रक्कम जमा झाली. आणि वहीत मात्र त्याच वेळी बँक खाते नावे करायला सांगितले जाते. यात विरोध मुळीच नाही. पासबुक ही बँकेच्या खतावणीतल्या आपल्या खात्याची नक्कल आहे. बँकेच्या दृष्टीने आपली ठेव हे तिचे देणे आहे, आणि देणे वाढले की खाते जमा होते; आपल्या दृष्टीने तीच ठेव मालमत्ता आहे, आणि मालमत्ता वाढली की खाते नावे होते. एकच रक्कम दोघांच्या वह्यांत समोरासमोरच्या बाजूंना बसते. हे एकदा लक्षात आले की पुढे येणारे बँक जुळवणी पत्रक, म्हणजे आपली वही आणि पासबुक यांतल्या शिलकांचा फरक जुळवणारा तक्ता, निम्मे सुटल्यासारखेच आहे.

ही दुहेरी नोंद पद्धती व्हेनिसच्या व्यापाऱ्यांत रूढ होती आणि लुका पाचोली या गणितज्ञाने १४९४ मध्ये तिचे छापील वर्णन प्रसिद्ध केले. आज आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यानेही कंपन्यांना दुहेरी नोंद आणि उपार्जन तत्त्व ही दोन्ही बंधनकारक केली आहेत. उपार्जन तत्त्वाकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

रोजकीर्दीतून तेरजेपर्यंत

रोजकीर्द लिहिताना प्रत्येक नोंदीखाली एका वाक्याचे स्पष्टीकरण लिहावे आणि त्यात प्रमाणकाचा, म्हणजे बिलाचा किंवा पावतीचा, उल्लेख करावा. परीक्षेत स्पष्टीकरणाला थोडे गुण असतात म्हणून ते टाळण्याकडे कल असतो. प्रत्यक्ष व्यवसायात सहा महिन्यांनंतर कोणी नोंद विचारली, तर उत्तर त्या एका ओळीतच सापडते.

मोडीच्या व्यवहाराकडे विशेष लक्ष द्यावे. रोकड केवळ ४,००० रुपये आली, म्हणून विक्री ४,००० रुपयांची झाली असे नवशिक्या विद्यार्थी लिहितो. वास्तविक येथे दोन व्यवहार एकत्र झाले आहेत: दुकानाने १०,००० रुपयांची भांडी विकली आणि ६,००० रुपयांची मोड खरेदी केली. म्हणून रोकड ४,००० रुपयांनी नावे, मोड खरेदी ६,००० रुपयांनी नावे आणि विक्री १०,००० रुपयांनी जमा अशी तिहेरी ओळीची नोंद होते. केवळ फरकाची रक्कम लिहिली तर विक्री कमी दिसते, मोडीचा साठा वहीत येतच नाही आणि दुकानाची खरी उलाढाल लपते. अशा संयुक्त नोंदी स्वतः रचण्याचा सराव करावा. भाडे देताना थोडी सूट मिळाली, केटररने काही रक्कम चेकने आणि काही रोख दिली, असे बदल करून पाहावेत.

रोजकीर्दीतल्या नोंदी खतावणीत आपापल्या खात्यांवर उतरवल्या आणि शिल्लका काढल्या की तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांची नावे आणि जमा अशी यादी, तयार होते. आपल्या दुकानाची समायोजनापूर्व तेरीज अशी येते. नावे बाजूला भाडे ३६,०००, अनामत ६०,०००, फर्निचर ७२,०००, खरेदी ३,००,०००, मोड खरेदी ६,०००, केटररकडून येणे ३०,०००, उचल १५,०००, किरकोळ खर्च ४,००० आणि बँक व रोकड ३,०३,०००. जमा बाजूला भांडवल ५,००,०००, विक्री २,२६,००० आणि ठोक व्यापाऱ्याचे देणे १,००,०००. दोन्ही बाजूंची बेरीज ८,२६,००० रुपये आहे. वाचकाने हे आकडे येथून उतरवून घेऊ नयेत. वरच्या परिच्छेदातले व्यवहार घेऊन स्वतः खाती उघडावीत आणि शेवटी या आकड्यांशी ताडून पाहावे.

बेरजा जुळल्या नाहीत तर पाने उलटत बसण्यापूर्वी फरकाच्या रकमेकडेच पाहावे. फरकाला ९ ने निःशेष भाग जात असेल, तर एखाद्या रकमेतले अंक उलटसुलट झाल्याची दाट शक्यता असते. ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले की फरक ९०० येतो. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत सापडली, तर ती नोंद चुकीच्या बाजूला गेलेली असू शकते. हे दोन्ही उपाय न लागल्यासच बेरजा पुन्हा तपासाव्यात. मात्र तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आला, ही समजूत सोडून द्यावी. फर्निचरचे ७२,००० रुपये चुकून खरेदी खात्यात टाकले तरी तेरीज जुळतेच, आणि नफा मात्र पार बदलतो. एखादा व्यवहार पूर्णपणे लिहायचा राहिला, दुसऱ्याच केटररच्या खात्यावर रक्कम पडली, किंवा दोन चुकांनी एकमेकींना झाकले, तरीही तेरीज काही बोलत नाही.

समायोजना

समायोजना म्हणजे अंतिम लेखे करण्यापूर्वी खात्यांत केलेले फेरफार. लेखांकनाचे खरे शिक्षण येथे होते, असे माझे मत आहे. तोपर्यंतचे काम नोंदींचे असते. येथून निर्णय सुरू होतात. उपार्जन तत्त्व असे सांगते की उत्पन्न आणि खर्च ज्या काळाचे असतील त्या काळात दाखवावेत, पैसे केव्हाही आलेले किंवा गेलेले असोत.

भाड्याचे ३६,००० रुपये एप्रिलमध्ये गेले, परंतु त्यांतले १२,००० रुपयेच एप्रिलचे आहेत. उरलेले २४,००० रुपये मे आणि जूनमध्ये जागा वापरण्याचा हक्क आहे, म्हणून ते पूर्वदत्त खर्च या नावाने मालमत्तेत जातात. पगाराचे उलट आहे: एकही रुपया दिलेला नाही, तरी नोकराने महिनाभर काम केले आहे, म्हणून १०,००० रुपये एप्रिलचा खर्च आणि तेवढेच अदत्त देणे. अनामतीचे ६०,००० रुपये खर्चात अजिबात येत नाहीत, कारण जागा सोडताना ते परत मिळायचे आहेत. उचलीचे १५,००० रुपयेही खर्चात येत नाहीत. मालकाने स्वतःचाच पैसा काढून घेतला आहे, तो भांडवलातून वजा होतो.

घसाऱ्याबाबत एक गैरसमज रूढ आहे की तो मालमत्तेची बाजारातली पडती किंमत दाखवतो. घसारा म्हणजे वस्तूची किंमत तिच्या उपयोगाच्या वर्षांवर वाटणे. आपले फर्निचर दहा वर्षे चालेल आणि शेवटी त्याचे काही येणार नाही असे धरले, तर वर्षाला ७,२०० आणि महिन्याला ६०० रुपये घसारा येतो. दहा वर्षे हा अंदाज मनचा नाही. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सर्वसाधारण फर्निचरचे उपयुक्त आयुष्य तेवढेच दिले आहे आणि संगणकाचे तीन वर्षे. आयकरासाठी मात्र घसारा घटत्या शिल्लक पद्धतीने, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर, आणि वेगळ्या दरांनी काढला जातो. दोन ठिकाणी दोन आकडे आले म्हणून गोंधळून जाऊ नये, कारण दोन्हींचे हेतू वेगळे आहेत.

शिल्लक मालावर मात्र सर्वांत अधिक वेळ द्यावा. महिनाअखेर दुकानात १,४०,००० रुपये खरेदी किमतीची भांडी आणि ६,००० रुपयांची मोड उरली आहे असे मोजणीत आढळले, असे आपण गृहीत धरू. पण १,४०,००० हा आकडा कोठून येतो? समजा तांब्याचे हंडे दोन खेपांत आले, ४० किलो ९०० रुपये भावाने आणि ६० किलो ९५० रुपये भावाने, आणि ७० किलो विकले गेले. आधी आलेला माल आधी गेला असे धरले, तर उरलेले ३० किलो ९५० च्या भावाचे, म्हणजे २८,५०० रुपयांचे. भारित सरासरी घेतली, तर एकूण ९३,००० रुपयांना १०० किलो, म्हणजे किलोला ९३० रुपये, आणि शिल्लक २७,९०० रुपयांची. माल तोच, विक्री तीच, नफ्यात मात्र ६०० रुपयांचा फरक. दोन्ही पद्धती लेखामानकांना मान्य आहेत. शेवटी आलेला माल आधी गेला असे धरण्याची पद्धत मान्य नाही. एकदा निवडलेली पद्धत दरवर्षी तीच ठेवावी लागते, नाहीतर नफा पाहिजे तसा वाकवता आला असता.

त्याहून महत्त्वाचा नियम असा की शिल्लक माल मूळ किंमत किंवा विक्रीतून निव्वळ मिळू शकणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल त्या किमतीला दाखवावा. पोचे पडलेल्या ८,००० रुपयांच्या परातींचे ६,५०० रुपयेच येणार असतील, तर दीड हजारांचा तोटा आजच मान्य करायचा. भाव वाढला म्हणून न विकलेल्या मालावर नफा मात्र दाखवायचा नाही. जिल्ह्यातल्या कांद्याचे उदाहरण घेऊनही हा भाग शिकता येतो. एखाद्या व्यापाऱ्याने १०० क्विंटल कांदा १,५०० रुपये भावाने घेऊन चाळीत साठवला आणि सुकण्या-सडण्यामुळे २० क्विंटल घट येणे नेहमीचेच असेल, तर १,५०,००० रुपयांचा भार उरलेल्या ८० क्विंटलवर पडतो आणि क्विंटलची किंमत १,८७५ रुपये होते. अवकाळी पावसात चाळीचे छप्पर उडून आणखी माल गेला, तर ते नुकसान या किमतीत मिसळायचे नाही. ते वेगळे, त्या काळाचा तोटा म्हणून दाखवायचे.

नफा आणि रोकड

आता अंतिम लेखे तयार करता येतात. विक्री २,२६,००० रुपये. विकलेल्या मालाची किंमत म्हणजे खरेदी आणि मोड मिळून ३,०६,००० वजा शिल्लक माल १,४६,०००, म्हणजे १,६०,००० रुपये. ढोबळ नफा ६६,००० रुपये. त्यातून भाडे १२,०००, पगार १०,०००, किरकोळ खर्च ४,००० आणि घसारा ६०० वजा जाता निव्वळ नफा ३९,४०० रुपये राहतो.

ताळेबंदात भांडवल ५,००,००० अधिक नफा ३९,४०० वजा उचल १५,०००, म्हणजे ५,२४,४०० रुपये. ठोक व्यापाऱ्याचे देणे १,००,००० आणि अदत्त पगार १०,०००. समोर फर्निचर ७१,४००, अनामत ६०,०००, शिल्लक माल १,४६,०००, केटररकडून येणे ३०,०००, पूर्वदत्त भाडे २४,००० आणि बँक व रोकड ३,०३,००० रुपये. दोन्हीकडे ६,३४,४०० रुपये येतात.

ताळेबंद जुळल्यावर वही मिटू नये, कारण सर्वांत मोलाचा प्रश्न अजून विचारायचा आहे. दुकानाला ३९,४०० रुपये नफा झाला, तरी बँकेत पाच लाखांवरून ३,०३,००० रुपयेच कसे उरले? विद्यार्थ्याने नफ्यापासून सुरुवात करून उरलेल्या रोकडीपर्यंत स्वतः पोहोचावे. ३९,४०० मध्ये घसाऱ्याचे ६०० मिळवावेत, कारण त्यापायी पैसा गेलेला नाही. अदत्त पगाराचे १०,००० आणि व्यापाऱ्याच्या उधारीचे १,००,००० मिळवावेत. मग मालात अडकलेले १,४६,०००, केटररकडे अडकलेले ३०,०००, आगाऊ भाड्यातले २४,०००, अनामतीचे ६०,०००, फर्निचरचे ७२,००० आणि उचलीचे १५,००० वजा करावेत. उत्तर उणे १,९७,००० येते, आणि बँकेतली घट नेमकी तेवढीच आहे. ज्याने हा हिशेब एकदा स्वतः जुळवला, त्याला रोकड प्रवाह पत्रक हे प्रकरण पुढे नव्याने शिकावे लागत नाही. नफ्यात चाललेला व्यवसाय पैशाअभावी अडचणीत कसा येतो, हेही त्याला आकड्यांत दिसते. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने लेखांकन शिकायचे ते मुख्यतः हे पाहता यावे म्हणून.

बँक, जीएसटी आणि वर्षअखेर

बँक जुळवणी पत्रकात पूर्वी न वटलेल्या चेकांची उदाहरणे असत. आता दुकानांत क्यूआर कोडवरची विक्री अधिक असते, आणि ती रक्कम अनेकदा एकत्रितपणे दुसऱ्या दिवशी खात्यात येते. त्यामुळे ३० एप्रिलची संध्याकाळची विक्री वहीत एप्रिलमध्ये आणि पासबुकात मे महिन्यात दिसू शकते. कार्डाच्या यंत्रावरचे शुल्क बँक परस्पर कापून घेते. ते पासबुकात आधी दिसते आणि आपल्या वहीत नंतर लिहावे लागते. फरकांची ही दोन कारणे वेगळी ओळखावीत: एकात केवळ वाट पाहायची असते, दुसऱ्यात आपल्या वहीत नोंद करायची असते.

जीएसटीबाबत पायाभूत अभ्यासात एवढे पुरे की नोंदणीकृत व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर त्याचे उत्पन्न नसतो आणि खरेदीवर भरलेला, परत मिळण्याजोगा कर त्याचा खर्च नसतो. २०,००० रुपयांच्या प्रिंटरवर १८ टक्के, म्हणजे ३,६०० रुपये कर लागला आणि विक्रेता महाराष्ट्रातलाच असला, तर १,८०० केंद्राचा आणि १,८०० राज्याचा. मालमत्ता खात्यात २०,००० रुपयेच जातात. व्यापारी कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची योजना) असेल तर त्याला खरेदीवरच्या कराची ही वजावट मिळत नाही, आणि मग प्रिंटर २३,६०० रुपयांचाच धरावा लागतो.

भांडी बाजारात लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा आजही होते, परंतु हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. आयकरासाठी सर्वांना हे समान वर्ष १९८९ पासून लागू झाले. परीक्षेतली बहुतेक उदाहरणे याच तारखेला संपतात, म्हणून पूर्वदत्त व अदत्त रकमा काढताना किती महिने या वर्षात पडतात हे बोटांवर मोजण्याऐवजी समासात लिहून काढावे.

हातानंतर संगणक

नोकरीसाठी टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर यायलाच हवे, यात वाद नाही. परंतु ते दुसऱ्या क्रमांकावर शिकावे. संगणकात व्हाउचर (व्यवहाराची नोंद) भरले की खतावणी, तेरीज आणि ताळेबंद क्षणात तयार होतात. ज्याने हे टप्पे हाताने केलेले नाहीत, त्याला चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम पडद्यावर दिसूनही ओळखता येत नाही. टॅलीच्या शैक्षणिक प्रकारात महिन्यातल्या काही ठरावीक तारखांनाच नोंदी करता येतात, पण सरावाला तेवढे पुरते. आपल्या दुकानाचा हाच एप्रिल महिना त्यात भरावा. मोड खरेदीचे खाते कोणत्या गटात उघडायचे, अनामत कोणत्या गटात, हे ठरवताना झालेला विचार हाच खरा सराव आहे. शेवटी पडद्यावरचा ताळेबंद ६,३४,४०० रुपयांचा यायला हवा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असेच सॉफ्टवेअर वापरावे लागते ज्यात प्रत्येक बदलाचा माग राहतो, त्यामुळे चुकलेली नोंद पुसण्याऐवजी दुरुस्तीची नोंद करण्याची सवय विद्यार्थिदशेतच लावून घ्यावी.

सरावासाठी उदाहरणे हवी असतील, तर भारतीय सनदी लेखापाल संस्थेचे, म्हणजे आयसीएआयचे, फाउंडेशन परीक्षेचे साहित्य तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. सनदी लेखापाल व्हायचे नसले तरी त्यातली समायोजनांची आणि चुकांच्या दुरुस्तीची उदाहरणे सोडवावीत. उत्तर पाहण्यापूर्वी नोंद पेनने लिहून टाकावी. नुसते वाचून समजल्याचा भास या विषयात फार लवकर होतो.

यानंतर एखाद्या खऱ्या कंपनीचा वार्षिक अहवाल हाती घ्यावा. नाशिकच्या विद्यार्थ्याला वाइन बनवणाऱ्या सुला विनयार्ड्सचा अहवाल सोयीचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली, त्यामुळे तिचे अहवाल सर्वांना पाहता येतात, आणि तिचा व्यवसाय आपल्या जिल्ह्याच्या मातीतला असल्याने आकड्यांमागचे कारण ओळखीचे वाटते. पहिल्या पानापासून वाचत जाऊ नये. आधी ताळेबंद उघडावा आणि भांड्यांच्या दुकानातली कोणती खाती येथे दिसतात ते शोधावे: शिल्लक माल, ग्राहकांकडून येणे, पुरवठादारांचे देणे, स्थिर मालमत्ता. मग प्रत्येक आकड्यासमोर दिलेल्या टिपेच्या क्रमांकावरून मागच्या पानांवर जावे आणि शिल्लक मालाचे मूल्यांकन कसे केले आहे, घसाऱ्यासाठी किती वर्षे धरली आहेत, हे वाचावे. नाशिक भागात द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते आणि ताळेबंद ३१ मार्चचा असतो. म्हणून साठ्याचा आकडा वाचताना हंगाम लक्षात ठेवावा. शेवटी निव्वळ नफा आणि व्यवसायातून आलेली रोकड हे दोन आकडे शेजारी लिहावेत, आणि आपल्या दुकानासाठी जुळवला तसा त्यांच्यातला फरक रोकड प्रवाह पत्रकाच्या ओळींवरून एकेक करून स्वतः जुळवून पाहावा.